उघड्यावरचे लाकूड : वार्निशचे पापुद्रे आणि कुजणारे खांब

प्रश्न : महाबळेश्वर तालुक्यात तापोळ्याच्या बाजूला आमचे लहानसे घर आहे. तीन वर्षांपूर्वी घरापुढे सागवानी फळ्यांचा डेक करून घेतला व गेल्या मे महिन्यात त्याला चकचकीत वार्निशचे दोन हात दिले. यंदाच्या पावसाळ्यानंतर वार्निशचे पापुद्रे सुटत आहेत, लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग पडले आहेत आणि कुंपणाचे निलगिरीचे दोन खांब जमिनीलगत हलू लागले आहेत. यावरच पुन्हा वार्निश मारावे का?

उत्तर : कृपया मारू नये. लाकूड पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसते. वार्निशचा कडक थर मात्र तेवढा ताणला जात नाही, म्हणून त्याला बारीक चिरा पडतात, त्यांतून पाणी आत शिरते आणि थराखाली अडकून राहते. आमच्या साताऱ्याच्या घरी अंगणातल्या बाकाच्या बाबतीत मी स्वतः हीच चूक केली होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर नखाने खरवडले तरी पापुद्रे निघत होते, आणि खालचे लाकूड ओलसर व काळपट झालेले होते. डेक तर आडवा असतो. त्यावर पाणी साचते, म्हणून तेथे हे अधिक लवकर घडते.

घाई करू नये, एवढी एक गोष्ट आपण पाळली तरी निम्मे काम झाले. तुमच्या भागात पाऊस थांबला तरी लाकडातील ओल लगेच जात नाही; नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबावे आणि शक्य असल्यास ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र लावून तो 15 टक्क्यांच्या आत आल्याची खात्री करावी. मग जुने वार्निश पूर्ण खरवडून 60 नंबरच्या आणि नंतर 80 नंबरच्या पॉलिश पेपरने फळ्या लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासाव्यात. त्याहून बारीक पेपर वापरल्यास पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की नंतर लावायचे तेल आत मुरत नाही. धुण्यासाठी जोराच्या फवाऱ्याचे यंत्र टाळावे, कारण त्याने लाकडाचा मऊ भाग उचकटून तंतू उभे राहतात.

काळे डाग सागातील टॅनिन (लाकडातले तुरट द्रव्य) आणि खिळ्यांतील लोखंड यांच्या संयोगाने पडतात. एक लिटर कोमट पाण्यात साधारण 60 ते 100 ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल प्लास्टिकच्या बादलीत विरघळवून लावले की ते फिके होतात. मात्र हे आम्ल विषारी असल्याने हातमोजे व चश्मा घालावा आणि नंतर फळ्या भरपूर पाण्याने धुऊन पुन्हा पूर्ण वाळू द्याव्यात. खिळे तेच ठेवले तर डागही परततील, म्हणून त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवावेत.

त्यानंतर लाकडात मुरणारे, रंगद्रव्य असलेले तेलाधारित स्टेन लावावे. बिनरंगी तेलाने लाकूड सुंदर दिसते खरे, पण लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन उन्हातील अतिनील किरणांनी तुटते आणि लाकूड राखाडी पडते. त्याला आडोसा रंगद्रव्याचाच असतो. दव सुकल्यावर, भर दुपारचे ऊन टाळून, एक पातळ हात द्यावा आणि न मुरलेले तेल डब्यावर सांगितलेल्या वेळेत फडक्याने पुसून घ्यावे, अन्यथा ते चिकट राहते. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना मात्र दोन-तीन वेळा तेल पाजावे. लाकडाच्या नळ्या तेथे उघड्या असतात, आणि पाणी सपाट बाजूपेक्षा टोकातून कितीतरी पट वेगाने आत जाते. फळ्यांमधल्या फटींत अडकलेला पाचोळा पावसाआधी खराट्याच्या काडीने काढत जावा. तो ओला बोळा फळीच्या कडेला महिनोन्‌महिने भिजत ठेवतो.

खांबांचे दुखणे वेगळे आहे. जमिनीच्या पातळीला ओल आणि हवा दोन्ही मिळतात, म्हणून कूज तेथेच धरते. स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर कोणताही रंग त्या खांबाला वाचवणार नाही. नवा खांब मातीत गाडण्याऐवजी काँक्रीटमध्ये बसवलेल्या गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पायावर, जमिनीपासून थोडा वर उभा करावा आणि त्याचा माथा उतरता कापावा. दाबाखाली रसायन भरलेले लाकूड आणल्यास त्याचे तुकडे चुलीत किंवा बंबात जाळू नयेत. त्यात आर्सेनिक असू शकते.

प्रश्न : आमच्या मिरजेच्या वाड्याच्या दारांना आजोबा जवसाचे तेल लावत असत. बागेच्या लाकडी कुंपणालाही तेच लावावे का?

उत्तर : सावलीतल्या दारांना जरूर लावावे, कुंपणाला नको. कच्चे जवसाचे तेल वाळायला अनेक दिवस घेते आणि उघड्यावरच्या ओलीत त्यावर बुरशी वाढून लाकूड काळे पडते. दारांना लावतानाही एक काळजी कळकळीने सांगतो : तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती कोंडून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या दोरीवर एकेक सुटी पसरून वाळवाव्यात, किंवा पाण्यात बुडवून पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवाव्यात.