आधी थांबायला शिकव

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

भुसावळच्या पोरांना तू स्केट्सवरची हॉकी शिकवणार आणि लेहला बर्फावर खेळायला नेणार, हे वाचून ऊर भरून आला. तीस वर्षं मी हेच केलं, म्हणून थोडं लिहितो.

पहिल्याच दिवशी पोरं स्टिक मागतील. देऊ नकोस. आधी पडायचं, उठायचं आणि थांबायचं शिकव. सिमेंटवर चाकांच्या स्केट्सनं आपली पोरं मागचा पाय आडवा घासून थांबतात. तीच पोरं लेहच्या बर्फावर वाऱ्यासारखी सुटतात आणि थेट कडेच्या फळ्यांवर आदळतात. तिथं गुडघे वाकवून स्केट्सची दोन्ही पाती एकदम आडवी करायची आणि बर्फ खरवडत थांबायचं. डाव्या अंगानं जमलं की उजव्या अंगानंही करून घे. एकाच अंगानं थांबणारा पोरगा सामन्यात उलटं वळताना मोठा फेरा घेतो, तोवर पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, निघून जातो.

लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, तिथं हवा विरळ. पहिले दोन दिवस पोरांना नुसती विश्रांती दे. पैसे भरलेत म्हणून पालक घाई करतील. तू बधू नकोस.

आता बदलीचं. बर्फावर एका संघाचे गोलरक्षकासह सहा जण, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. पण जीव तोडून पळणाऱ्याचा दम पाऊण मिनिटात संपतो. खेळ चालू असतानाच त्यानं बाकावर यायचं, दुसऱ्यानं आत जायचं. चांगल्या पोराला बाहेर यायचं नसतं आणि आपल्यालाही त्याला काढवत नाही. एका स्पर्धेत मी दोघांनाच ताणत राहिलो. शेवटच्या भागात त्यांचे पाय उचलेनात, सामना गेला. आणि एक मुलगी तीन दिवस हेल्मेट बांधून बाकावर बसून राहिली. तिच्या वडिलांनी कापूस विकून स्केट्स घेतले होते. परतीच्या गाडीत ती एक शब्द बोलली नाही, नंतर सरावालाही आली नाही. तिच्या घरी जायला मला महिना लागला. दुसऱ्याच दिवशी जायला हवं होतं.

पोरगं पडलं की लांबून ओरडू नकोस. जवळ जाऊन, गुडघ्यावर बसून विचार, "काय व्हयनं भो?" आपल्या बोलीत विचारलं की पोरं खरं दुखणं सांगतात.

रविवारी पहाटे साडेपाचला मैदानावर ये. मे महिना आहे, आठनंतर सिमेंटवर हात टेकवत नाही. येताना सगळ्या पोरांची नावं लिहून आण. कमी खेळायला मिळालेली आधी लिही.

तुझा,
सर