फोनवर ‘आय ॲम’ की ‘धिस इज’?

अंधेरीच्या एका कंपनीत लंडनच्या ग्राहकांचे फोन घेणाऱ्या ताईंनी विचारलंय : ‘मी फोनवर “आय ॲम स्नेहा” म्हणते, तर साहेब “धिस इज स्नेहा” म्हणायला लावतात. स्वतःलाच “धिस” कसं म्हणायचं? आणि “ही कट द कॉल” हे इंग्रजी बरोबर आहे का?’

ताई, साहेब सांगतात ते बरोबर आहे. समोरासमोर ओळख करून देताना ‘आय ॲम स्नेहा’च म्हणायचं. फोनवर पलीकडच्याला नुसता आवाज ऐकू येतो आणि तो कुणाचा एवढंच सांगायचं असतं, म्हणून ‘धिस इज’. आपलीही रीत फार वेगळी नाही. दारात उभ्या माणसाला आपण ‘आपण कोण?’ विचारतो, पण फोनवर ‘कोण बोलतंय?’ म्हणतो. बाई की पुरुष ते दिसत नाही, म्हणून क्रियापद सरळ नपुंसकलिंगी! मला मराठीची ही सोय फार आवडते.

‘आपण कोण?’चं ‘हू आर यू?’ मात्र करू नका. मराठीतला आदर त्यात उरत नाही, दरडावल्यासारखं वाटतं. ‘हूज कॉलिंग, प्लीज?’ म्हणा. पलीकडून ब्रिटिश माणूस बहुधा ‘इज दॅट स्नेहा?’ विचारेल, अमेरिकन ‘इज धिस स्नेहा?’. ‘कॅन आय स्पीक टू स्नेहा?’ असं कुणी म्हटलं तर ‘स्पीकिंग’ एवढंच पुरतं. आपलं ‘मीच बोलतेय’. ‘हं, बोला’चं ‘येस, टेल मी’ मुंबईत कुणाला खटकत नाही. लंडनच्या ग्राहकाला ते तुटक वाटेल. तिथे ‘हाऊ कॅन आय हेल्प?’ बरं.

आता ‘कट’. मराठीत ‘फोन कट झाला’ आणि ‘फोन कट केला’ यांतला फरक क्रियापदावरून लगेच कळतो. इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळे प्रयोग आहेत. लिफ्टमध्ये शिरल्यावर आपोआप तुटला तर ‘वी गॉट कट ऑफ’. त्याने ठेवला तर ‘ही हंग अप’, आणि बोलता बोलता रागाने ठेवला तर ‘ही हंग अप ऑन मी’. ‘ही कट मी ऑफ’ म्हणाल तर त्याने तुमचं वाक्य मध्येच तोडलं, असाही अर्थ होतो. जुन्या भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर बोलणं संपलं की आकड्याला अडकवून ठेवत. ‘हँग अप’ तिथून आलं. आकडा गेला तरी शब्द राहिला, जसं आपण आजही मोबाइल ‘ठेवतो’.

नंबर व्यस्त असेल तर ब्रिटिश ‘एंगेज्ड’ म्हणतात, अमेरिकन ‘बिझी’. गिरगाव-दादरची वडीलधारी मंडळी अजून ‘फोन एंगेज लागतोय’ म्हणतात, तो ब्रिटिशांचाच शब्द. फोन लागलाच नाही तर ‘आय कुडन्ट गेट थ्रू’. तुम्ही तो साहेबांकडे जोडून देणार असाल तर ‘आय विल पुट यू थ्रू’.

‘गिव्ह मी अ मिस्ड कॉल’ला कुणी चूक म्हटलं तर मानू नका. उचलला नाही तर पैसे पडत नाहीत, या हिशेबातून आपल्याकडे रुळलेला हा प्रयोग आहे आणि भारतीय इंग्रजीत तो पक्का आहे. लंडनच्या माणसाला मात्र ‘लेट इट रिंग वन्स, अँड आय विल कॉल यू बॅक’ असं उलगडून सांगावं लागेल.