शिळावर्तुळे आणि सूर्योदय

प्रश्न : डिसेंबरात भाचीच्या लग्नासाठी नागपूरला जायचे आहे. त्यानिमित्ताने जुनापाणीची शिळावर्तुळे पाहण्याचा विचार आहे. आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवाप्रमाणे तेथेही सूर्याचे गणित साधलेले आहे, तेव्हा वर्तुळाच्या मध्यभागी उभे राहून सूर्योदय पाहावा, असे एका स्नेह्यांनी सुचवले आहे. हे कितपत बरोबर आहे?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपण अवश्य जावे, परंतु मध्यभागी उभे राहू नये. आपल्या स्नेह्यांनी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केलेली दिसते. किरणोत्सवात मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात येऊन देवीच्या चरणांवरून वर सरकतात; उगवतीचा संबंध आहे तो इंग्लंडमधील स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाशी, ज्याचा अक्ष उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाशी जुळतो. तेथे एरवी पर्यटकांना आखून दिलेल्या वाटेवरूनच फिरावे लागते आणि त्या पहाटे मात्र हजारो लोकांना शिळांमध्ये जाऊ दिले जाते.

विदर्भातील वर्तुळे ही मुख्यतः दफनस्थाने आहेत. नागपूर–काटोल रस्त्यालगतच्या जुनापाणी येथे अशी सुमारे 300 वर्तुळे असून ती लोहयुगातील, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील आहेत. मोठाले दगड गोलाकार मांडून आत माती आणि गोटे भरलेले असतात आणि त्याखाली काळी-तांबडी मृद्‌भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर अशा वस्तू सापडतात. जवळच्या माहुरझरीला तर माणसाबरोबर घोडाही पुरलेला आढळला, त्याच्या तोंडावरच्या तांब्याच्या अलंकारांसह. घोड्याला सजवून धन्यासोबत निरोप देणारी ही माणसे कोण असतील, हा विचार मला सूर्याच्या गणितापेक्षा अधिक अस्वस्थ करतो.

जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे उथळ खळगे ओळीने कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच त्यांची नोंद केली होती. अलीकडे काही अभ्यासकांनी या खळग्यांच्या दिशांचा आकाशाशी संबंध लावून पाहिला आहे, त्यामुळे स्नेह्यांच्या बोलण्याला अगदीच आधार नाही असे म्हणवत नाही. मात्र तेवढ्यावरून स्मशानाचे मंदिर होत नाही.

हौशी मंडळी या खळग्यांत पाणी ओततात किंवा फोटोत उठून दिसावेत म्हणून त्यांत खडू भरतात, तसे कृपया करू नये. सुटा पडलेला दगडही उचलून नीट लावायला जाऊ नये, कारण तो जेथे पडला आहे ती जागाच उत्खनन करणाऱ्याचा पुरावा असते. आत न शिरता कडेकडेने फिरले तरी सर्व व्यवस्थित दिसते. पहाटेचा आग्रह असेलच तर एका कारणासाठी तो मान्य आहे : तिरप्या उन्हात खळग्यांच्या कडांना सावली धरते आणि दुपारी सहज नजरेतून सुटणारी ओळ स्पष्ट दिसते.