महिन्याला शंभर-दीडशे पानं छापायची असतील, तर घरासाठी कमी खर्चाचा ऑल-इन-वन इंकजेट कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की घरात दोन शाळकरी मुलं आहेत, पत्नी शिकवणी घेतात, त्यांच्या प्रश्नपत्रिका घरीच छापता आणि सध्याच्या प्रिंटरची कार्ट्रिज सारखी संपते. एवढ्या छपाईला कार्ट्रिजवाला प्रिंटर पुन्हा घेऊच नका, टँकवाला, म्हणजे बाटलीतून शाई ओतून भरायचा, घ्या. मात्र टँकच्या मॉडेलांमध्ये निवड करताना 'पानामागे 7 पैसे की 9 पैसे' या जाहिरातींच्या खेळात पडू नका. तिथे शाईचा खर्च जवळजवळ संपलेला असतो, खर्च वेगळ्याच ठिकाणी निघतो.

आधी हिशेब. स्वस्त प्रिंटरच्या लहान काळ्या कार्ट्रिजमधून कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे 120 ते 200 पानं निघतात. कार्ट्रिज आठशेच्या आसपास धरली, तर पानामागे चार ते साडेसहा रुपये. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एपसनच्या एल3250 या टँकवाल्या प्रिंटरमध्ये जाणारी 003 क्रमांकाची काळी बाटली 65 मिलीची असते आणि तिच्यातून 4,500 पानं निघतात असं कंपनी सांगते. बाटलीला चारशे रुपये धरा, पान 9 पैशांना पडलं. वर्षाच्या 1,800 पानांना कार्ट्रिजमध्ये किमान सात हजार लागतील, टँकमध्ये दोनशेच्या आत. प्रिंटर महाग असतो हे खरं, पण वरचे सात-आठ हजार साधारण वर्षभरात वसूल होतात.

हे आकडे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ठरावीक चाचणी-पानांवर, सलग छपाई करून काढलेले असतात. घरी मधूनमधून छापलं, हेड (शाईचे थेंब फेकणारा भाग) साफ केलं, तर पानं कमी भरतात. मुलांच्या प्रकल्पासाठी पानभर रंगीत चित्र काढलंत, तर त्याची या आकड्याशी तुलनाच नको. पहिल्या भरणीची थोडी शाई नळ्या भरण्यात जाते, त्यामुळे पहिली बाटली लवकर उतरली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

आता कागद बघा. 500 पानांचं रिम तीनशेला घेतलं तर एक कागद 60 पैशांचा. म्हणजे कागद शाईच्या सहापट महाग! म्हणून शिकवणीच्या घरात मी शाईपेक्षा आधी एकच गोष्ट विचारतो: पाठपोट छपाई आपोआप होते का? एल3250 मध्ये होत नाही, कागद हाताने उलटून परत घालावा लागतो. एकदोन पानांना ठीक, वीस मुलांच्या प्रश्नपत्रिकांना नाही. हाताने उलटताना एखादं पान हमखास उलटसुलट जातं. एपसनच्या एल4260 मध्ये ती सोय आहे. ब्रदरच्या नावांत शेवटी 'डीडब्ल्यू' असेल तर डी म्हणजे पाठपोट आणि डब्ल्यू म्हणजे वायफाय. त्यांच्या डीसीपी-टी820डीडब्ल्यू मध्ये वर स्कॅन-कॉपीसाठी कागद आपोआप ओढणारा फीडरही आहे.

फीडर लागतो का? तुम्हाला बहुधा नाही. पण घरात खरेदीखत, करारनामे असे लीगल आकाराचे (ए4 पेक्षा लांब) कागद स्कॅन करायचे असतील, तर घरगुती प्रिंटरची काच साधारण ए4 मापाचीच असते आणि खालचा तुकडा बाहेर राहतो. फीडरवाल्यात लीगल जातो. कागद वर्षातून एकदा स्कॅन होणार असेल तर त्यासाठी पैसे घालवू नका, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आहेच.

काळी शाई कोणती आहे, हेही बघा. एल3250 ची काळी शाई डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची आहे, ओलं बोट लागलं की पसरते. कॅननच्या जी3010, जी3020 मध्ये, एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये आणि वरच्या एल4260 मध्ये काळी पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची आहे. अक्षर गडद येतं आणि पाण्याला बऱ्यापैकी टिकतं. मुलं छापील पानावर हायलायटर फिरवतात, शिवाय पावसाळ्यात दप्तर भिजतं, त्यामुळे मी पिगमेंटकडे झुकेन. फोटोंसाठी डाय बरी, पण तुमच्या प्रश्नात फोटोंचा उल्लेखच नाही.

आणि आता ज्यात माणसं खरी फसतात ते: न वापरणं. शाळेच्या सुट्टीत प्रिंटर महिना-दीड महिना बंद राहिला, की नोझलमध्ये, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांत, शाई वाळते. उन्हाळ्यातल्या विदर्भात तर लवकरच. मग हेड क्लीनिंग करावं लागतं, त्यात बरीच शाई वाया जाऊन आतल्या स्पंजात साठते आणि तो भरला की प्रिंटर थांबतो. कॅननच्या जी3020 मध्ये हा भाग घरी बदलता येणारं कार्ट्रिज आहे, एल3250 मध्ये सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. कॅनन आणि एचपी शाई तापवून थेंब फेकतात, पण त्यांची हेडं काढता-बसवता येतात. एपसनचं हेड उष्णतेशिवाय, विजेने हलणाऱ्या स्फटिकावर चालतं. ते टिकतं छान, पण आतच बसवलेलं असतं आणि बदलायची वेळ आली तर खर्च झोंबतो. नियमित छापणारं घर असेल तर एपसन, अधूनमधून छापणारं असेल तर कॅनन, असं माझं मत आहे. कुठलाही घेतलात तरी आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा, आणि प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा. भिंतीवरचं बटण आधी दाबलं की हेड झाकणाखाली जात नाही आणि सुकतं. भारनियमनाच्या भागात असाल तर हे मुलांनाही सांगून ठेवा. टँकमधली शाई खालच्या रेषेखाली जाऊ देऊ नका, नळीत हवा शिरली तर पुन्हा तीच शाई काढून टाकण्याची भानगड.

स्थानिक बाजारात मिळणारी 'कंपॅटिबल', म्हणजे दुसऱ्याच कोणी बनवलेली, शाई टाळा. मूळ शाईच पानामागे 9 पैशांत मिळते, तर त्यात आणखी चार पैसे वाचवून हेड पणाला का लावायचं?

बाकी वायफायचा पर्याय जरूर घ्या. एल3210 हा फक्त केबलवर चालतो, एल3250 त्याचाच वायफायवाला भाऊ. घरातले निम्मे कागद व्हॉट्सअॅपवरूनच येतात, लॅपटॉप उघडायला कोणालाच सवड नसते. तुमच्या ठिकाणी मी एल4260 घेतला असता. बजेट तिथवर जात नसेल तर कॅननचा जी3020 घ्या आणि कागद हाताने उलटा. फक्त घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: सर्व्हिस सेंटर तुमच्या तालुक्याच्या गावी आहे की जिल्ह्याला जावं लागेल, आणि वॉरंटी पानांच्या संख्येवरही मोजतात का. 'एक वर्ष किंवा इतकी पानं, जे आधी होईल ते' असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं.