नवा टीव्ही फोर-केचा, चित्र मात्र धूसर

प्रश्न : दिवाळीत पंचावन्न इंची फोर-के टीव्ही घेतला. हिला जंगलाचे, समुद्राचे माहितीपट फार आवडतात, म्हणून. दुपारी चित्र लख्ख दिसतं. रात्री साडेआठनंतर मात्र पाच-दहा मिनिटांत धूसर होतं. कधी सुधारतं, कधी नाही. टीव्हीवाला येऊन म्हणाला, टीव्ही ठीक आहे, नेट बघा. नेटवाल्यानं मोबाइलवर स्पीड दाखवला, ९४ आला. म्हणाला, टीव्ही बघा. मुलगी बंगळुरूहून फोनवर ‘रीसेट करा’ सांगते, तेही तीनदा झालं. दोन बेडरूमचा फ्लॅट, राउटर दाराजवळ बुटांच्या कपाटावर. – एक वाचक, सातारा

उत्तर : काका, दोघंही आपापल्या जागी खरं बोलले. पण राउटर आणि टीव्ही यांच्या मधली जागा कुणी पाहिली नाही, आणि तुमचा बिघाड बहुधा तिथंच आहे. नेटवाल्यानं स्पीड मोजला तो बहुधा दारात, राउटरपाशी उभं राहून. तो टीव्हीपाशी किती उरतो, ते बघायला हवं.

आधी टीव्हीबद्दलची काळजी सोडा. पॅनेल किंवा बोर्ड बिघडलं असतं, तर चित्र दुपारीही असंच दिसलं असतं. नेटवरचा व्हिडिओ सलग येत नाही, काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो, आणि प्रत्येक तुकडा सर्व्हरवर वेगवेगळ्या दर्जाचा तयार ठेवलेला असतो. एक तुकडा उतरायला उशीर झाला, की ॲप पुढचा हलका तुकडा मागवतं, म्हणजे चित्र अडकत नाही. फोर-केच्या पडद्यावर ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात, फुल एचडीच्या चौपट. हलक्या तुकड्यात तेवढे ठिपके आलेलेच नसतात. टीव्ही आहे तेच ताणून मोठं करतो. तुम्हाला धूसर दिसतं ते हे.

आज रात्री नऊला टीव्हीवरच स्पीड मोजा. टीव्हीत ब्राउझर असेल तर त्यात फास्ट डॉट कॉम उघडा. नसेल तर नेटफ्लिक्सच्या ॲपमध्ये मदतीच्या भागात नेटवर्क तपासायची सोय असते. उद्या दुपारी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट, नेटचा वेग यातच मोजतात) सांगतं, यूट्यूब २०. म्हणजे टीव्हीपाशी २५ टिकून मिळाले तरी भागतं, आणि महागडा प्लॅन घ्यायचं काही कारण नाही. नेटवाल्यानं तसं सुचवलं, तरी हे आकडे हातात येईपर्यंत होकार देऊ नका.

रात्रीचा आकडा १०-१२वर घसरलेला दिसला, तर टीव्ही कोणत्या वाय-फायवर आहे ते पाहा. बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर (फ्रिक्वेन्सी बँडवर) चालतात, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. २.४ भिंतींतून लांब जातो, पण त्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. रात्री इमारतीतल्या घराघरांत नेट चालू झालं, की सगळे राउटर त्या तिघांतच दाटी करतात. शिवाय मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात चालतो. साडेआठला तुमच्याकडे जेवण गरम होत असेल आणि स्वयंपाकघर राउटर-टीव्हीच्या मध्ये येत असेल, तर एक दिवस मायक्रोवेव्ह बंद ठेवून पाहाच. ५च्या पट्ट्यात मोकळीक जास्त, पण जाड भिंत त्याला सोसत नाही. बऱ्याच घरांत दोन्हींना एकच नाव दिलेलं असतं आणि टीव्ही जाऊन २.४ला चिकटतो. नेटवाल्याकडून दोन वेगळी नावं करून घ्या आणि टीव्ही ५वर जोडा. (मोबाइलचं फाइव्ह-जी आणि हे ५ गिगाहर्ट्‌झ, दोन्ही निराळ्या गोष्टी.)

पण मला विचाराल तर वायर ओढा. दारापासून टीव्हीपर्यंत पंधरा-वीस मीटर कॅट-सिक्स लॅन वायर, भिंतीच्या कडेनं केसिंग पट्टीतून. वायरमनचं तासाभराचं काम. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, त्यामुळे वाय-फायवर कधी आकडा मोठा दिसेल. त्याला भुलू नका. इथं वेग स्थिर हवा, आणि वायरीला ना शेजारचा राउटर आड येतो, ना मायक्रोवेव्ह. वायर लावूनही रात्रीचा आकडा पडला, तर दोष नेटवाल्याच्या लाइनचा. मग तोच कागद त्याच्यापुढे ठेवायचा.

हे मी इतकं लांबवून सांगतोय, कारण मिरजेतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी मी स्वतः चुकलो होतो. तक्रार अगदी हीच. मी टीव्हीचा मेन बोर्ड बदलला, त्यांनी पैसे दिले, आणि आठवड्यानं पुन्हा फोन आला. राउटर लोखंडी कपाटामागे होता. तो कपाटावर, मोकळ्यात ठेवला आणि चित्र सुधारलं. बोर्डाचे पैसे मी परत केले, पण त्यांना झालेला आठवडाभराचा मनस्ताप माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून मी टीव्हीचं मागचं झाकण उघडण्याआधी घरभर फिरून राउटर शोधतो.

दुपारचं चित्र तरी फोर-के आहे का, तेही पाहून घ्या. यूट्यूबवर फोर-के लिहिलेला व्हिडिओ लावा, सेटिंगमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्‌स’ चालू करा, चालू रिझोल्यूशनपुढे ३८४० बाय २१६० दिसायला हवं. नेटफ्लिक्सवर फोर-के फक्त प्रीमियम योजनेत मिळतं.

प्रश्न : टीव्हीला वेगळं स्ट्रीमिंग डिव्हाइस लावलंय, मध्ये जुना साउंडबार आहे. डिव्हाइस फोर-केचं, तरी चित्र एचडीच येतं. – एक वाचक, पणजी

उत्तर : साउंडबार मधून काढा आणि डिव्हाइस थेट टीव्हीला जोडा. फोर-केच्या सिग्नलला एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप असतं आणि साखळीतल्या प्रत्येक यंत्राकडे त्याची किल्ली लागते. जुन्या साउंडबारकडे ती बहुधा नसेल. आवाज टीव्हीच्या ऑप्टिकल किंवा एआरसी पोर्टमधून (टीव्हीचा आवाज बाहेर देणारा एचडीएमआय पोर्ट) साउंडबारला द्या. शिवाय टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टसाठी ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘यूएचडी कलर’ असा पर्याय असतो; तो अनेकदा बंद असतो, चालू करा.

प्रश्न : गावी ब्रॉडबँड नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर फोर-के चालेल? रोज दोन जीबी मिळतात. – एक वाचक, कणकवली

उत्तर : रेंज चांगली असेल तर चालेल, पण पुरणार नाही. नेटफ्लिक्सचं फोर-के तासाला ७ जीबीपर्यंत खातं. दोन जीबी सतरा-अठरा मिनिटांत संपतील. नेटफ्लिक्सच्या वेबसाइटवर तुमच्या खात्यात प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये डेटा वापर ‘मीडियम’वर ठेवा. मग साधारण तासाला ०.७ जीबी लागतो, अडीच-पावणेतीन तासांचा सिनेमा पूर्ण होतो.