पार्ट बदलण्याआधी मीटर लावा

जुन्या गाड्यांबद्दल या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी आहे : पार्ट बदलून झाला, पैसे गेले आणि दुखणं जागच्या जागी. म्हणून खालच्या उत्तरांत मल्टिमीटर वारंवार येईल. लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळतो. डीसी करंट १० अँपिअरपर्यंत मोजणारा घ्या.

प्रश्न : घाटकोपरला राहतो. २००६ची मारुती ८०० सोमवार ते शुक्रवार सोसायटीत उभी असते. शनिवारी सेल्फ मारला की नुसतं ‘टक’. वर्षभरात दुसरी बॅटरी टाकली. डायनमो ठीक आहे असं मिस्त्री म्हणतात. मग बॅटरी खातंय कोण?

उत्तर : मिस्त्रींचं म्हणणं आधी स्वतः ताडून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. गाडी चालू करून बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग होतंय. मग मीटर एसी व्होल्टवर फिरवून पुन्हा तिथंच लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं, तर डायनमोचा एखादा डायोड गेलाय. असा डायनमो चार्जिंग करत असल्यासारखा दिसतो आणि गाडी बंद असताना तोच बॅटरी पिऊ शकतो. बरेच जण पहिली चाचणी करून थांबतात.

डायनमो निर्दोष निघाला, तर गळती शोधायची. बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या. गाडी बंद करून काही तास गेल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. सगळे दिवे बंद, दारं बंद, किल्ली काढून खिशात ठेवा. ती आत राहिली आणि सेंट्रल लॉक पडलं, तर दुपार दारातच जाईल. आता दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह क्लिप काढा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, मीटरच्या दोन वायरींपैकी एकीचं टोक क्लिपला आणि दुसरीचं बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला लावा. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज किंवा मीटरच तत्क्षणी जाऊ शकतो.

अलार्म असेल तर तो शांत व्हायला वीस-तीस मिनिटं द्या आणि मग आकडा वाचा. घड्याळ, स्टिरिओची मेमरी, कॉम्प्युटर यांना मिळून ०.०३ अँपिअर लागले तर हरकत नाही. ०.०५च्या वर गेलं की कोणीतरी चोरून खातंय. समजा ०.३५ दिसले. तुमची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असणार. दिवसाला ८.४ अँपिअर-अवर म्हणजे दोन दिवसांत अर्धी, चौथ्या-पाचव्या दिवशी मेलेली. तुमचं शनिवारचं गणित इथं जुळतं. बॅटरी अशी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि चार्ज केली तरी ती पूर्वीइतकी भरत नाही. दुसरी बॅटरीसुद्धा बहुधा अशीच गेली.

आता एकेक फ्यूज काढायचा, आकडा बघायचा, परत बसवायचा, पुढचा काढायचा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन उतरेल, त्या लाइनवर चोर आहे. ८००मध्ये बहुतेक वेळा रूम लाइट-रेडिओच्या लाइनवर सापडतो, आणि त्याचं कारण बाहेरून बसवलेला स्टिरिओ. स्टिरिओला पिवळी वायर कायम बॅटरीची आणि लाल वायर किल्लीवरची द्यायची असते. किल्लीशिवाय गाणी वाजावीत म्हणून बसवणारे दोन्ही एकत्र पिळतात, वर काळी टेप गुंडाळतात. मग बटण बंद केलं तरी सेट अर्धवट जागा राहतो, आणि अँप्लिफायर असेल तर तोही. टेप उकला आणि लाल वायर सोडवून किल्लीच्या एसीसी लाइनवर न्या. त्या लाइनवर किल्ली एसीसीवर फिरवल्यावर १२ व्होल्ट, काढल्यावर शून्य आलं पाहिजे.

कुठलाच फ्यूज काढून फरक पडला नाही, तर फ्यूज बॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीवर जोडलेल्या वायरी पाहा : हॉर्न, फॉग लॅम्प, सेंट्रल लॉक. निगेटिव्हला बॅटरी स्विच बसवून ‘काम झालं’ म्हणणारेही भेटतील. त्यानं गाडी शनिवारी चालू होईल खरी, पण दुखणं तसंच राहील.

प्रश्न : १९९८ची झेन, कार्ब्युरेटरची. हायवेवर काटा मधोमध. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले की काटा लालकडे सरकतो. हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उघडावं लागेल असं सांगितलंय.

उत्तर : इंजिन उघडू देऊ नका, निदान इतक्यात तरी नाही. वेगात थंड आणि थांबल्यावर गरम, याचा अर्थ वारा कमी पडतोय, म्हणजे पंखा. याच्या उलट, हायवेवर तापून ट्रॅफिकमध्ये ठीक असती, तर चोंदलेला रेडिएटर किंवा वॉटर पंप आधी पाहिला असता.

थंड इंजिनावर किल्ली ऑन करा. पंख्याच्या थर्मो स्विचचा (पाणी तापलं की पंखा चालू करणारा) दोन वायरींचा प्लग काढून दोन टोकं वायरच्या तुकड्यानं जोडा. पंखा फिरला तर स्विच गेलाय, तेवढाच बदला. नाही फिरला, तर मोटरला बॅटरीवरून सरळ करंट द्या. तरीही गप्प असेल आणि पान्याच्या मुठीनं हलकेच ठोकल्यावर फिरू लागला, तर कार्बन ब्रश झिजलेत. सरळ करंटवर झक्क फिरला, तर दोष रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज किंवा अर्थिंगचा. फिरतोय पण मरतुकडा, ही चौथी तऱ्हा फसवी आहे. फिरत असताना मोटरच्या प्लगवर व्होल्ट मोजा, बॅटरीपेक्षा फार तर अर्धा व्होल्ट कमी असावेत. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचलेला कचराही काढा, इंजिनाच्या बाजूनं बाहेर पाणी मारून.

रेडिएटरचं झाकण नवं घ्या, स्वस्त वस्तू आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो, जुन्यावर होता तोच हवा. ०.९ बारच्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालेलं झाकण हा फायदा घालवतं. गरम असताना मात्र झाकणाला हात लावायचा नाही.

आणखी एक तपासा : थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह, जागेवर आहे का? ‘आपल्याकडे त्याची गरज नाही’ म्हणत तो काढून टाकायची खोड अनेक गॅरेजना आहे. त्यानं ट्रॅफिकमधलं तापणं थांबत नाही. इंजिन मात्र गरम व्हायला उशीर लावतं आणि पेट्रोल जास्त पितं. थर्मोस्टॅट पातेल्यात गरम पाण्यात टाकून बघा, त्यावर कोरलेल्या तापमानाला, साधारण ८२ ते ८८ अंशांना, उघडायला लागला पाहिजे. पाणी भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे. टँकरचं किंवा बोअरचं पाणी नको, क्षार बसतात.

गॅस्केट खरंच गेलं असेल तर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसतं किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहतो. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. तोवर काटा चढला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल्ल. घाम फुटेल, पण इंजिन वाचेल.

प्रश्न : वसईहून रोज ये-जा. २००४च्या वॅगन आरचे हेडलाइट मिणमिणते. १००/९० वॉटचे बल्ब टाकू का?

उत्तर : नको. मूळ ६०/५५ वॉटच्या बल्बला पुरेसे व्होल्ट पोचत नसताना त्याच बारीक वायरीतून आणखी करंट ओढला, तर होल्डर आणि कॉम्बिनेशन स्विच वितळतो. इंजिन चालू, लाइट लावलेले, अशा वेळी बल्बच्या पिनांवर व्होल्ट मोजा आणि बॅटरीशी ताडा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. दीड-दोन व्होल्ट निघाले तर उजेड का नाही ते कळलं : व्होल्ट दहा टक्के घटले की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. खाऱ्या हवेत अर्थिंगचे लग गंजतात. बॉडीवरचा बोल्ट काढा, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत करा, घट्ट बसवून वर पेट्रोलियम जेली लावा. तरीही फरक राहिला तर रिले किट, अडीच स्क्वेअर एमएमची वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो; जोडणाऱ्याला ते आधी मीटरनं ओळखायला सांगा. रिफ्लेक्टरची चकाकीच उडाली असेल, तर यातलं काही करू नका, लॅम्प बदला.

प्रश्न : गिरगावातली आमची प्रीमिअर पद्मिनी गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासानं जणू काही झालंच नाही अशी चालू होते. दोष नव्या पेट्रोलचा का?

उत्तर : सगळा दोष नव्या पेट्रोलमधल्या इथेनॉलच्या माथी मारू नका. बंद पडताच, थंड व्हायच्या आत दोन गोष्टी बघा. एअर फिल्टरचं झाकण काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात नजर टाका आणि हातानं ॲक्सिलरेटरचा दांडा एकदा ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली, तर पेट्रोल पोचतंय. मग फिल्टर परत लावून, पेट्रोलच्या वासापासून दूर, जादा प्लग त्याच्या वायरीला लावून, प्लगचा पत्रा ब्लॉकला टेकवून सेल्फ मारा. ठिणगी निळी आणि कडक असावी. पिवळी, मरगळलेली किंवा गायब असेल तर संशय कॉइल आणि कंडेन्सरवर (ठिणगीच्या सर्किटमधला, एसीचा नव्हे). दोन्ही गरम झाल्यावरच दगा देतात, म्हणून थंड गाडीवर सगळं ठीक निघतं. कॉइलच्या दोन छोट्या टोकांमध्ये साधारण ३ ओहम हवेत. गरम आणि थंड, दोन्ही वेळा मोजा. डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंट काळवंडून खड्डा पडला असेल तर कंडेन्सर आधी बदला.

धार नाही पण ठिणगी आहे, तर पेट्रोलची वाफ धरतेय. पंप इंजिनालाच चिकटलेला, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये तो भाजतो. त्यावर ओलं फडकं ठेवून गाडी चालू झाली तर निदान पक्कं. पंप आणि ब्लॉक यांच्यामधला जाड स्पेसर कोणी पातळ पॅकिंग टाकून गायब केलाय का ते बघा, आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या.

इथेनॉलचा खरा त्रास रबराला आहे. जुनी होज फुगते, आतून सुटते, तिचे काळे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जातात. एसएई जे-३० आर-९ छापलेली होज घ्या, पंपाचा डायाफ्राम बदला. टाकीतला जुना गाळही सुटतो, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर तपासा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल फार जुनं होऊ देऊ नका, इथेनॉल ओलावा ओढून घेतं.

प्रश्न : हिंदमाताला गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरलंय. चालू करून बघू?

उत्तर : किल्लीसुद्धा फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडी उचलून न्या. आधी एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर प्लग काढून इंजिन हातानं फिरवा, पाणी बाहेर पडू द्या. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर बदला, थोडं चालवून ऑइल पुन्हा बदला, गिअर ऑइलही. भरतीच्या वेळी साचलेल्या पाण्यात खारटपणा असू शकतो, तेव्हा कनेक्टर आधी गोड्या पाण्यानं धुऊन वाळवा.

प्रश्न : २००१ची एस्टीम. सिग्नलला ब्रेक दाबून थांबलो की पेडल हळूहळू खाली जातं. ऑइल कुठंही गळत नाही.

उत्तर : गळतंय, पण आतल्या आत. मास्टर सिलिंडरचे सील झिजलेत. सीलचं किट टाकण्याआधी सिलिंडरच्या आत बोट फिरवून बघा. खड्डे किंवा ओरखडे लागले तर किट टिकणार नाही, पूर्ण सिलिंडर घ्या. ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलं डॉट-३ किंवा डॉट-४ ऑइल सीलबंद डब्यातलं वापरा. उघडा राहिलेला डबा हवेतला ओलावा पितो, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर फारच. मास्टरमधली हवा काढल्यावर चाकांची काढा, मॅन्युअलमधल्या क्रमानं. मग इंजिन चालू ठेवून मिनिटभर पेडल दाबून धरा. ते जागचं हललं नाही, तरच गाडी गेटबाहेर काढा.