डाळ मिलचे मॉडेल बदलायचे असेल, तर आधी भावाची जोखीम वेगळी काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लातूरजवळ वडिलांच्या काळापासून डाळ मिल आहे, तूर विकत घेऊन डाळ करायची आणि व्यापाऱ्यांना उधारीवर विकायची, उलाढाल वाढते पण हातात फारसे उरत नाही, आणि एका कार्यशाळेत ‘बिझनेस मॉडेल बदला’ असे सांगितल्यामुळे स्वतःचा ब्रँड काढून ऑनलाइन विक्री सुरू करावी का. माझ्या मते ब्रँड हा तुमच्यासाठी पहिला बदल नव्हे.

तुमच्या मिलमध्ये आज तीन धंदे एकाच खातेवहीत चालले आहेत. पहिला तुरीच्या भावाचा: डिसेंबर-जानेवारीत आवक सुरू झाली की कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जातून, पैसे उचलून तुम्ही माल भरता आणि पुढे भाव जिकडे जाईल तिकडे जाता. तो भाव तुमच्या हातात नाही आणि लातूरच्या अडत्यांच्याही नाही. मे २०२१ मध्ये केंद्राने तुरीची आयात खुली केली. जून २०२३ मध्ये आणि पुन्हा जून २०२४ मध्ये साठ्यावर मर्यादा घातली. दुसरा धंदा भरडाईचा, म्हणजे तुरीची डाळ करून देण्याचा, तुमच्या यंत्रांचा आणि कारागिरांच्या हाताचा. तिसरा चुनी (डाळीचा बारीक चुरा) आणि टरफलाचा, जो पशुखाद्यवाल्यांकडे जातो. हे तीन हिशेब एका हंगामापुरते तरी वेगळे लिहून पाहा. बहुतेक मिलमध्ये भरडाई बऱ्यापैकी कमावते आणि साठा ते खाऊन टाकतो, असेच मला दिसत आले आहे.

मॉडेल बदलणे म्हणजे नवे उत्पादन काढणेच असे नाही. पैसे कशाचे घ्यायचे आणि जोखीम कोणी उचलायची, हे बदलले तरी धंदा बदलतो. अमेरिकेत झेरॉक्सने १९५९ मध्ये ९१४ हे कागदाच्या प्रती काढणारे यंत्र आणले, तेव्हा ते विकत घेण्याइतके धाडस फारसे कोणी केले नसते. कंपनीने ते महिना ९५ डॉलर भाड्याने दिले. त्यात २,००० प्रती धरलेल्या आणि त्यापुढच्या प्रत्येक प्रतीला ४ सेंट. गिऱ्हाइकाने यंत्राचे नव्हे, वापराचे पैसे दिले आणि कंपनीची भरभराट त्यातूनच झाली.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की क्षमतेचा काही भाग दुसऱ्यांच्या तुरीच्या भरडाईवर द्यावा. आपल्याकडे शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे तूर असते पण मिल नसते, आणि पुण्या-संभाजीनगरातल्या लहान ब्रँडना मिल घालायची नसते. त्यांचा माल, तुमची मजुरी. मात्र नुसता कमी दर सांगून हे काम टिकत नाही, कारण दर कोणीही पाडू शकतो. टिकते ती उताऱ्याची, म्हणजे तुरीतून किती टक्के डाळ निघेल याची, हमी. तुरीला रोलरवर खाचा पाडणे, तेल लावून मुरवणे, पाणी देऊन वाळवणे आणि मग फोडणे या साखळीत वाळवण जरा चुकली की तुकडा वाढतो आणि डाळ चुनीत जाते. व्यापारी मिलमध्ये उतारा साधारण ७० ते ७५ टक्के येतो. समजा डाळ १०० रुपये किलो आणि चुनी २५ रुपये किलो आहे. तर १०० क्विंटल तुरीमागे उताऱ्यातला एक टक्का चुनीत गेला की ७,५०० रुपये गेले. हा टक्का सांभाळून देणाऱ्या मिलला भरडाईचा जास्त दर द्यायला माल देणारा तयार होतो.

अडचणी आहेत. प्रत्येकाचा लॉट वेगळा ठेवावा लागतो, मध्ये यंत्रे रिकामी करून झाडावी लागतात, म्हणून किमान लॉट ठरवल्याशिवाय काम घेऊ नका. आलेल्या तुरीतला ओलावा आणि काडीकचरा दोघांसमोर मोजून लिहिला पाहिजे, आणि चुनी-टरफल कोणाचे हेही, कारण भांडणे नेमकी तिथेच होतात. (‘चुनी मिलवाल्याची’ ही जुनी रीत नव्या कंपन्यांच्या हिशेबनिसाला पटत नाही.)

वसुलीचे म्हणाल, तर उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला २००६ च्या लहान उद्योगांसाठीच्या कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला आयकरात त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवता येते. ही तरतूद कर-निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू आहे. जुन्या व्यापाऱ्याशी मात्र हे कागद दाखवून नव्हे, बोलूनच मिटवावे लागते, हेही खरे.

ब्रँडचे दार बंद करा असे मी म्हणत नाही. पण १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकिंगला ५ टक्के जीएसटी लागला. त्यात पॅकिंग, वाहतूक, परत आलेला माल आणि जाहिरात धरा, आणि एवढे करून साठ्याची जोखीम तुमच्याकडेच राहते. म्हणून पहिल्या हंगामात क्षमतेच्या चौथ्या हिश्श्याएवढीच भरडाई घ्या, बाकी धंदा आहे तसा चालू द्या, आणि कॅश क्रेडिटवरचे व्याज किती उतरले ते मार्चअखेर पाहा.

मिलची दिवसाची क्षमता किती आहे आणि वाळवण उन्हावर आहे की ड्रायरवर, हे लिहिलेत तर भरडाईचा दर कसा बांधायचा याचा हिशेब मांडून देतो.